डोंगरी सदाहरित रानांतील वनस्पतिसमाज व आमचें पाणी

जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मासिकांत सदाहरित डोंगरी रानाचें वर्णन कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. आमच्या जिल्ह्यांत पाऊस वर्षास सरासरी सुमारें साडेसहाशें ते सातशें मिलिमीटर. डोंगर म्हणावे तर उत्तरेस भोकरदन व जाफराबाद या तालुक्यांच्या बाजूस अजिंठ्याच्या रांगेच्या उतरत्या कडा. आणि रान म्हणावें तर उन्हाळा लागतांच निष्पर्ण होणारें पानगळीचें. वर्षभर हिरव्या राहणाऱ्या रानाशीं आमचा संबंध तो काय?

संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतील ज्या जमिनींस पैठणच्या डाव्या कालव्याचें पाणी मिळतें, त्या पाण्याचे उगम सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत, आणि तेथें अशा रानाचे तुकडे आजही उभे आहेत. हा पहिला संबंध. दुसरा शिकवणुकीचा. या रानांत निसर्गानें जमीन राखण्याची जी रीत बसविली आहे, ती आमच्या उघड्या माळांसही लागू पडते. पाऊस कमी असला म्हणून रीत बदलत नाहीं. या लेखांत आम्हांस मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे कीं, रानाची किंमत त्याच्या थरांवरून करावी, नुसत्या झाडांच्या मोजणीवरून करूं नये. आणि हे थर नेहमीं खालून बांधावे लागतात.

समाज आणि थर

वनस्पतिशास्त्रज्ञ रानास झाडांचा नुसता जमाव मानीत नाहींत. एकाच हवेंत व एकाच मातींत ज्या जाती वर्षानुवर्षें एकमेकींच्या आश्रयानें राहतात, त्यांच्या समूहास ते वनस्पतिसमाज म्हणतात. आमच्या शेतकऱ्यांस ही कल्पना नवी नाहीं. ज्वारीच्या पिकांत तुरीचे तास, आणि दोहोंच्या पायाशीं मूग वा मटकी, अशी मिश्र पेरणी आमचे वाडवडील करीत. तुरीचें मूळ खोल जाई, ज्वारीचें वरच्या मातींत पसरे, मटकी जमीन झांकून टाकी. तिघांची तहान निरनिराळ्या खोलीवर व तिघांची सावली निरनिराळ्या उंचीवर असल्यामुळें एकाच वावरांत तिघांचा निभाव लागे. रानांतील व्यवस्था याच जातीची. फरक एवढाच कीं तेथें पेरणारा कोणी नाहीं आणि मोडणीही नाहीं.

पुऱ्या वाढलेल्या डोंगरी रानांत साधारणतः पांच थर ओळखतां येतात. सर्वांत वर मोठ्या वृक्षांचें छत, त्याखालीं सावलींत वाढणाऱ्या मध्यम झाडांचा थर, त्याखालीं झुडुपें, त्याखालीं गवतें, नेचे व कोंवळीं रोपें, आणि सर्वांत खालीं शेवाळ व कुजत असलेला पालापाचोळा. यांखेरीज वेली सर्व थरांस एकत्र गुंफतात, आणि आमरीच्या जाती व नेचे वृक्षांच्या फांद्यांवरच आपलें बिऱ्हाड करितात.

प्रत्येक थराचा प्रकाश वेगळा, ओलावा वेगळा, आणि म्हणून त्यांतील वस्तीही वेगळी. वरचें छत भर उन्हांत जगतें. तळचा नेचा त्याच उन्हांत चार दिवसांत करपून जाईल. उलट, छताच्या वृक्षाचें कोंवळें रोप पहिलीं कित्येक वर्षें खालच्या थरांच्या सावलींतच काढतें. खालचा थर नाहींसा झाला कीं वरच्या थराची वंशपरंपरा तुटते. परंतु तें लगेच दिसून येत नाहीं, कारण म्हातारे वृक्ष पुढेंही पुष्कळ वर्षें उभे असतात. दुरून पाहणारास रान शाबूत दिसतें. वस्तुतः तें निःसंतान झालेलें असतें.

हिमालयांतील सूचिपर्णी रान

सूचिपर्णी वृक्षांचें सदाहरित रान पाहावयाचें तर हिमालयाकडे वळलें पाहिजे. सूचिपर्णी म्हणजे ज्यांचीं पानें सुईसारखीं बारीक व चिवट असतात आणि ज्यांचें बीं लांकडी खवल्यांच्या शंकूंत धरतें, असे वृक्ष. हिमालयाच्या पश्चिम भागांत उंचीप्रमाणें त्यांच्या वस्त्या लागल्या आहेत. सुमारें एक ते दोन हजार मीटरांच्या पट्ट्यांत चीड. त्यावर कैल व देवदार. आणि अडीच हजारांपासून साडेतीन हजार मीटरांच्या आसपास स्प्रूस व फर. त्यापलीकडे भूर्ज व बुरांस यांचीं ठेंगणीं झाडें, आणि मग गवताळ कुरणें.

या वृक्षांची घडण तेथील हिंवाळ्यास साजेशी आहे. शंकूसारख्या उतरत्या आकारामुळें फांद्यांवर बर्फ सांचून राहत नाहीं. हिंवाळ्यांत जमीन गोठली म्हणजे मुळांस पाणी ओढतां येत नाहीं. अशा वेळीं मेणचट लेपाच्या अरुंद पानांतून ओलावा फारच थोडा उडतो. पानें एकदम गळत नसल्यामुळें वसंतांतील पहिलें ऊन मिळतांच वृक्ष कामास लागतो.

फरच्या जुन्या रानांत थरांची रचना उत्तम पाहावयास मिळते. वर चाळीस मीटरांपर्यंत व त्याहूनही उंच वाढणारे फर व स्प्रूस, मध्यें थुनेर व मेपल यांचीं सावली सोसणारीं झाडें, त्याखालीं रिंगाळ नांवाचा बारीक बांबू, ज्याच्या टोपल्या व सुपें पहाडी लोक विणतात, त्याखालीं नेचे, आणि तळाशीं जाड शेवाळ. वितळलेलें बर्फ व पावसाचें पाणी या शेवाळांत व पालापाचोळ्यांत मुरतें आणि उतारावरील झऱ्यांतून सावकाश बाहेर पडतें.

परंतु याच हिमालयांत एकथरी रानाचाही नमुना आहे, आणि तो आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. कुमाऊं व गढवाल या भागांत बांज नांवाच्या रुंदपर्णी ओकाचीं रानें होतीं. बांजाखालीं झुडुपें, गवत व ओली काळी माती असे. जनावरांस पाला मिळे. आणि जेथें बांज तेथें झरा, असा पहाडी शेतकऱ्याचा अनुभव होता. इंग्रजी अमदानींत इमारती लांकडासाठीं व राळेसाठीं चिडास महत्त्व आलें आणि पुष्कळ उतारांवर चिडाचें राज्य पसरलें. चिडाच्या गळलेल्या सुया लवकर कुजत नाहींत. त्यांच्या थराखालीं इतर वनस्पती सहसा वर येत नाहींत. आणि उन्हाळ्यांत त्या सुयांस ठिणगी लागली कीं डोंगरच्या डोंगर पेटतो. चीड स्वतः जाड सालीमुळें वांचतो, बाकीचीं रोपें मरतात, आणि चीडच पुन्हां वाढतो. १९२१ सालीं कुमाऊंतील गांवकऱ्यांनीं सरकारी जंगल-निर्बंधांविरुद्ध जो उठाव केला, त्यांत चिडाचीं पुष्कळ रानें पेटविण्यांत आलीं. पुढें २६ मार्च १९७४ रोजीं चमोली जिल्ह्यांतील रैणी गांवच्या बायकांनीं गौरादेवी यांच्या पुढारपणाखालीं ठेकेदाराच्या माणसांस झाडें तोडूं दिलीं नाहींत, हें सर्वश्रुत आहे. त्या चिपको चळवळींतून जी मागणी पुढें आली ती नुसती झाडें वांचविण्याची नव्हती. पाणी, चारा व माती देणारें रान पाहिजे, अशी ती होती. चिडाचें रानही सदाहरित आणि दुरून भव्य दिसतें. पहाडी शेतकऱ्यानें मात्र त्याची पारख पायाखालच्या मातीवरून केली.

महाराष्ट्रांत सूचिपर्णी रान स्वयंभू कोठेंच नाहीं. कळसूबाई हें आमचें सर्वांत उंच शिखर अवघें १६४६ मीटरांचें. येथें हिंवाळा सौम्य, बर्फ नाहीं, आणि पाऊस चार महिन्यांत एकवटलेला. दक्षिण हिंदुस्थानांत सूचिपर्णी वर्गाची एकच जात आपोआप उगवलेली आढळते, तीही केरळ व तमिळनाडूच्या घाटांत, आणि तिचीं पानें सुईसारखीं नसून रुंद आहेत. कोंकणच्या किनाऱ्यावर वाळू अडविण्यासाठीं लावलेल्या सुरूच्या झाडास पुष्कळ लोक चिडाचा भाऊ समजतात. परंतु सुरू हें बाहेरून आणलेलें फुलझाडांच्या वर्गांतील झाड आहे, त्याच्या हिरव्या सुया म्हणजे वस्तुतः बारीक डहाळ्या होत. सूचिपर्णींचा दूरचा नातलग म्हणावा असा एक वेल मात्र आमच्या सह्याद्रींत आहे. त्यास कुंबळ किंवा उंबळी म्हणतात. दिसावयास तो इतर जाडजूड वेलींसारखाच. पण त्याचें बीं सूचिपर्णींप्रमाणेंच उघडें असतें, फळाच्या गरांत झांकलेलें नसतें.

सह्याद्रीच्या माथ्यावरील समाज

सूचिपर्णी वृक्ष नसले तरी डोंगरावरील सदाहरित व थरांचें रान आमच्या महाराष्ट्रांत आहेच. महाबळेश्वर, भीमाशंकर, आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील रतनगड–हरिश्चंद्रगडाचा मुलूख, हीं त्याचीं ठिकाणें. भीमाशंकरचें रान १९८५ सालीं, व कळसूबाई–हरिश्चंद्रगडाचें १९८६ सालीं अभयारण्य म्हणून राखलें गेलें.

या रानाचें छत फार उंच नसतें. माथ्यावर माती पातळ आणि पावसाळी वारा प्रचंड, यामुळें झाडें खुजीं व एकमेकांस चिकटून वाढतात. छतांत मुख्य वस्ती अंजनी, जांभूळ व पिसा यांची. सोबतीस हिरडा, आंबा व पारजांभूळ. अंजनीचें पान जाड, चकचकीत व काळपट हिरवें. लांकूड लोखंडासारखें कठीण. आणि उन्हाळ्याच्या सुमारास तिच्या डहाळ्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लागतात. छताखालीं गेळा, अळू, तांबट अशीं मध्यम झाडें. मोकळ्या कडेस करवंदीच्या जाळ्या व रामेठा. फांद्यांवर बाशिंगाचा नेचा व आमरीच्या जाती. आणि उतारावर सर्वत्र कारवी.

कारवीचा थोडा अधिक विचार केला पाहिजे, कारण झुडुपांच्या थराचें काम कसें चालतें हें तिच्यावरून चांगलें कळतें. कारवी एकेकटी वाढत नाहीं. अख्खा उतार ती दाटीनें व्यापते. सात-आठ वर्षांतून एकदां तिला बहर येतो, सारा डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ होते, आणि बीं धरल्यावर ती सगळीच्या सगळी वाळून जाते. पुढील पावसाळ्यांत तिचीं रोपें हजारोंनीं उगवतात. मधल्या काळांत जमिनीवर जो उजेड येतो, त्याचा फायदा मोठ्या वृक्षांच्या रोपांसही मिळतो. डोंगरांतील लोक वाळलेल्या कारवीचे कूड करून घराच्या भिंती बांधतात. अशा रीतीनें झुडुपांचा हा एक थर उताराची माती धरतो, वृक्षांच्या पोरांस सांभाळतो, मध देतो आणि घरही देतो. वरवर पाहणारास मात्र कारवी म्हणजे नुसती झुडपट वाटते.

या रानाचें मूळ रूप पाहावयाचें तर देवराईंत पाहावें. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० च्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व शास्त्रज्ञांच्या नजरेस आणून दिलें. देवराईंत काडी मोडावयाची नाहीं, या एका नियमानें पांचही थर पिढ्यानुपिढ्या टिकले. तेथें झाड लावणारा कोणी नव्हता. पालापाचोळा उचलणाराही नव्हता, एवढेंच.

पाण्याचा हिशेब

आतां या रानाचा आमच्या कालव्याशीं संबंध पाहूं. प्रवरा नदी रतनगडाजवळ उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या बाजूस उगम पावून राहुरीजवळच्या धरणांत अडते आणि पुढें नेवाशाजवळ प्रवरेस मिळते. प्रवरा प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते, आणि तो संगम आतां नाथसागराच्या फुगवट्यांत आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ सालीं झाली व १९७६ सालीं तें राष्ट्रास अर्पण झालें. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून तो आमच्या जिल्ह्यांतून परभणीकडे जातो. म्हणजे अंजनीच्या पानावरून गळलेला थेंब अंबडच्या उसांत वा घनसावंगीच्या कापसांत येऊन पोंचण्यास वाट मोकळी आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. रान पाऊस ओढून आणतें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. सह्याद्रीवर जो मुसळधार पाऊस पडतो, तो मुख्यतः समुद्राकडून येणारे ढग डोंगराच्या भिंतीस अडून वर चढतात म्हणून पडतो. झाडें तोडलीं तरी तो तेथें पडेलच. रानाचें काम पाऊस पडल्यानंतर सुरू होतें. पडलेलें पाणी मुरवावयाचें कीं माती घेऊन धांवूं द्यावयाचें, हा निवाडा थर करितात.

तो कसा होतो हें नीट समजून घेण्यासारखें आहे. पावसाचे थेंब छतावर पडतात, पानांवर एकत्र होतात, आणि तेथून मोठ्या थेंबांच्या रूपानें खालीं गळतात. आठ-नऊ मीटरांवरून सुटलेला मोठा थेंब जमिनीस पोंचेपर्यंत जवळजवळ आपल्या पूर्ण वेगास आलेला असतो. खालीं झुडुपें, गवत व पाला असेल तर त्याचा वेग तेथेंच मरतो आणि पाणी हळूच मातींत शिरतें. खालीं उघडी माती असेल तर तो थेंब हातोड्यासारखा आदळतो, मातीचीं ढेंकळें फोडतो, आणि बारीक गाळानें मातीचीं छिद्रें बुजवून टाकतो. मग पाणी मुरत नाहीं, वाहतें. म्हणून खालचे थर काढून टाकलेल्या उंच झाडांच्या रानांत मातीची धूप कित्येकदां उघड्या माळाहूनही अधिक होते. खालची झाडोरी साफ केलेल्या सागाच्या लागवडींत, सागाचीं पानें मोठीं असल्यामुळें, हें विशेष प्रत्ययास येतें.

वरच्या धरणांतून जायकवाडींत किती पाणी सोडावें, याविषयीं वरच्या व खालच्या शेतकऱ्यांत वाद होत आले आहेत. २००५ सालीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाल्यापासून समन्यायी वाटपाची भाषाही सर्वांच्या तोंडीं आहे. आमचा हक्काचा वांटा आम्हांस मिळालाच पाहिजे, याविषयीं आमचे दुमत नाहीं. परंतु धरणांत गाळ किती येतो, आणि पाऊस थांबल्यावर ओढे किती दिवस वाहतात, हें कोणत्याही ठरावानें ठरत नाहीं. तें डोंगरावरच्या थरांनीं ठरतें. अकोल्याच्या डोंगरांतील कारवी व अंजनी राखणाऱ्या आदिवासी बांधवांचा आमच्या शेतीवर उपकार आहे, हें आम्हीं विसरतां कामा नये.

आमच्या डोंगरांची स्थिति

आतां आपल्या घरच्या डोंगरांकडे येऊं. अजिंठ्याच्या रांगेचें रान शुष्क पानगळीचें. त्यांतही थर होते व कांहीं ठिकाणीं अद्याप आहेत. वर सालई, धावडा, मोई, खैर. मध्यें पळस, आपटा, बेल. झुडुपांत हेंकळ, बोर, सीताफळ, तरवड. आणि तळाशीं पवना, मारवेल अशीं उत्तम चाऱ्याचीं गवतें. पावसाळ्यांत या गवतांच्या मुळ्यांचें जाळें माती पकडी, आणि पूर्णा, दुधना व त्यांस मिळणाऱ्या ओढ्यांत पाणी गढूळ न होतां उतरे.

थर मोडण्याचा क्रम सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. प्रथम गोड गवत चराईनें संपलें. त्याच्या जागीं कुसळी आली, जी कोंवळी असतांनाच जनावर खातें आणि पुढें तिचीं कुसळें तोंडांत टोंचतात. मग कुसळीही विरळ झाली. त्यानंतर सरपणासाठीं झुडुपांवर कुऱ्हाड पडली, आणि शेवटीं मोठीं झाडें गेलीं. मोकळ्या झालेल्या जागेंत घाणेरी, गाजरगवत व वेडी बाभूळ हे पाहुणे शिरले. त्यांस जनावर तोंड लावीत नाहीं. माळ हिरवा दिसतो, पण त्यांत समाज राहिलेला नाहीं. २०१२–१३ च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या व पुष्कळांस त्या तोडाव्या लागल्या, ही गोष्ट ताजीच आहे. त्या वर्षीं पाऊस कमी झाला हें खरें. पण आधींच्या चांगल्या वर्षांचें पाणी जमिनींत कां राहिलें नाहीं, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

झाडें लावण्याचा उत्साह अलीकडे पुष्कळ आहे. २०१९ सालीं राज्यांत तेहतीस कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प झाला होता. असे संकल्प स्तुत्य होत. मात्र उघड्या, तुडवलेल्या माळावर खड्डा खणून एकटें रोप लावणें म्हणजे घर बांधतांना आधीं कौलें चढविण्यासारखें आहे. त्या रोपास खालून ओलावा नाहीं, बाजूनें आडोसा नाहीं, आणि पहिल्या उन्हाळ्यांत शेळीपासून त्यास राखणारें कोणी नाहीं.

उलट बाजूचें उदाहरणही आमच्याच जिल्ह्यांत आहे. जालना तालुक्यांतील कडवंची गांवीं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धांत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांतून, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखालीं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालें. वरच्या उतारावर समतल चर, मग शेतांचे बांध, आणि शेवटीं ओढ्यांतील बंधारे, असा क्रम ठेवला गेला. या कार्यक्रमाच्या अटींत चराईबंदी व कुऱ्हाडबंदीही होती. पुढें गांवानें शेततळीं केलीं, द्राक्षबागा उभ्या केल्या, आणि दुष्काळाच्या वर्षांतही तग धरली. या कामाची सुरुवात माथ्यावर झाली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

करावयाचें काय

पहिलें काम गवताचें. गांवच्या गायरानाचा किंवा पडीक उताराचा एक तुकडा तीन पावसाळे चराईस पूर्ण बंद करावा. गवत विळ्यानें कापून न्यावें, तेंही बीं झडल्यावर. मारवेल व पवना यांचे ठोंब जवळपासच्या बांधावर बहुधा सांपडतात. ते पावसाच्या सुरुवातीस लावावे.

दुसरें काम जुन्या खुंटांचें. पळस, धावडा, आपटा यांचीं मुळें तोडीनंतरही जमिनींत जिवंत असतात, आणि दरवर्षीं फुटणारे धुमारे जनावरें खाऊन टाकतात. चराई बंद होतांच हे धुमारे उठतात. प्रत्येक खुंटावर एक-दोन जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढावे. ज्या झाडाचें मूळ आधींच खोल गेलें आहे, तें नव्या रोपाहून पुष्कळ लवकर वाढतें, आणि त्यास पाणी घालावें लागत नाहीं.

तिसरें काम झुडुपांचें. हेंकळ, बोर, तरवड यांस निरुपयोगी समजून उपटूं नये. कांटेरी झुडूप हेंच रोपाचें फुकटचें कुंपण. कडुनिंब, सीताफळ, बेल यांचें बीं अशा जाळींच्या पायाशीं टोंचावें; जाळी त्यास सावलीही देते व शेळीपासून वांचवितेही. घाणेरी व वेडी बाभूळ मात्र थोडथोडी काढावी, आणि काढलेल्या जागीं लगेच गवत लावावें; जागा उघडी ठेवली तर तीं पुन्हां येतात.

चौथें काम आगीपासून राखण्याचें. पाला जाळल्यानें नवें गवत चांगलें येतें अशी समजूत आहे. चार दिवस हिरवें दिसतें हें खरें. पण तळचा थर जळतो, रोपें मरतात, आणि पहिल्या पावसाबरोबर राख व माती दोन्ही ओढ्यांत जातात.

हाच नियम बागेस लावावा. मोसंबीखालची जमीन वर्षभर नांगरून वा तणनाशक मारून चकचकीत ठेवण्यांत भूषण नाहीं. पावसाळ्यांत ताग पेरून फुलाऱ्यापूर्वीं गाडावा, उन्हाळ्यांत गवताचें व पाल्याचें आच्छादन करावें, आणि पश्चिमेच्या बाजूस शेवरीचा आडोसा धरावा. बांधावर मारवेल, मध्यें मध्यें तरवड, आणि बऱ्याच अंतरानें कडुनिंब वा बोर, एवढे तीन थर साधले तरी बांध फुटत नाहीं. बांधावरच्या झाडानें पिकास सावली लागते, ही तक्रार खरी आहे. म्हणून वृक्ष विरळ व वेळोवेळीं छाटलेले असावे. खालच्या दोन थरांविषयीं ती तक्रार लागू नाहीं.

एक आक्षेप याहून गंभीर आहे. गायरान बंद केलें तर ज्याच्या घरीं जमीन नाहीं व दोन-चार शेळ्याच आहेत, त्यानें जावें कोठें? या प्रश्नाचें उत्तर दिल्यावांचून चराईबंदी टिकत नाहीं, आणि टिकणें न्याय्यही नाहीं. आमच्या मतें सगळें गायरान एकदम बंद करूं नये. चार भाग करून एकेक भाग पाळीपाळीनें बंद ठेवावा. बंद भागांतील कापलेलें गवत प्रथम भूमिहीन शेळीवाल्यांस द्यावें, आणि राखणीचें काम व त्याची मजुरीही त्यांसच द्यावी. जो आज रान खातो असें आपण म्हणतों, त्याचाच चारा त्या रानांतून वाढूं लागला कीं तो रानाचा पहिला राखणदार होतो.

आमच्या माळांवर अंजनी किंवा देवदार कधींच उगवणार नाहींत, आणि उगवावे अशी इच्छाही धरूं नये. येथें जें रान शोभतें तें पळस, धावडा व मारवेल यांचेंच. मंडळाच्या सभासदांस आमची विनंती आहे कीं, येत्या मृगापूर्वीं आपल्या गांवच्या ग्रामसभेंत हा विषय काढावा, एक तुकडा निवडून त्याच्या सीमा दगडांनीं आंखाव्या, आणि आज तेथें कोणतीं गवतें, झुडुपें व खुंट आहेत याची साधी नोंद वहींत करून ठेवावी. तीन पावसाळ्यांनंतर तीच नोंद पुन्हां करून आम्हांकडे पाठवावी. ती आम्ही आनंदानें छापूं.